पाडण्याआधी दुरुस्तीचा हिशेब द्या

मुंबईतील जुन्या चाळींचा आणि निवासी इमारतींचा प्रश्न पुन्हा एकदा ऐरणीवर आला आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या मनोऱ्यांतील घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या एका खोलीत ज्यांच्या पिढ्या गेल्या, ती कुटुंबे ५०० चौरस फुटांच्या घराची धनी झाली. या आनंदाला गालबोट लावण्याचा माझा हेतू नाही. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील त्या २०७ चाळी १९२० च्या दशकात सरकारनेच बांधल्या होत्या. तेथील रहिवाशांना बरे घर देणे हे सरकारचे कर्तव्यच होते. परंतु एका ठिकाणी जे योग्य ठरले ते सर्वत्र योग्य, असा सोयीचा निष्कर्ष आता काढला जात आहे. जुनी इमारत म्हणजे धोकादायक इमारत, धोकादायक इमारत म्हणजे पाडण्याजोगी इमारत, आणि तिच्या बाजूने बोलणारा तो विकासाचा वैरी, अशी एक साखळीच तयार झाली आहे.

या साखळीची पहिली कडीच खोटी आहे, एवढे मला या लेखात मांडायचे आहे. इमारत धोकादायक होते ती बहुधा दुरुस्तीअभावी. वयाचा वाटा त्यात फार थोडा असतो. म्हणून जो कोणी पाडण्याचा प्रस्ताव आणील, मग तो मालक असो, विकासक असो, सरकार असो वा रहिवाशांचीच संस्था असो, त्याने आधी दुरुस्तीचा हिशेब मांडला पाहिजे. किती वर्षे दुरुस्ती झाली नाही, का झाली नाही, तिच्यासाठी गोळा केलेला पैसा कोठे गेला, आणि आजही ती करावयाची तर किती खर्च येईल, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून हातोडा उचलू देता कामा नये.

परभणी जिल्ह्यात सेवा करणाऱ्या धर्मगुरूला मुंबईच्या चाळींशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याला दोन उत्तरे आहेत. देवगिरी आणि नंदिग्राम या गाड्यांनी आमच्याकडची माणसे वर्षानुवर्षे कामधंद्यासाठी मुंबईची वाट धरीत आली आहेत. परक्या शहरात त्यांना पहिला आसरा मिळतो तो संगमरवरी दालनाच्या नव्या मनोऱ्यात नव्हे. कोणा गाववाल्याच्या जुन्या खोलीत, कमी भाड्याच्या जागेत. ती जागा नाहीशी झाली की गावाकडच्या तरुणाचा शहरातला उंबरठाच नाहीसा होतो. दुसरे उत्तर अधिक जवळचे आहे. परभणी, सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड, जिंतूर या आमच्या गावांतील दगडी वाडे आणि माळवदाची घरे याच युक्तिवादाने एकामागून एक भुईसपाट होत आहेत. मुंबईत जे मोठ्या प्रमाणावर घडते तेच येथे लहान प्रमाणावर घडते. मुंबईचे उदाहरण नीट तपासले तर आपल्या अंगणातला प्रश्नही समजेल.

प्रारंभीच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. चाळीविषयी गहिवरून बोलणारे पुष्कळदा चाळीत राहत नसतात. पहाटे सार्वजनिक संडासापुढे रांगेत उभी राहणारी वृद्धा, अभ्यासाला कोपरा न मिळणारा विद्यार्थी, जिन्याच्या अंधारात पाय घसरण्याच्या भीतीने घरातच कोंडून घेतलेला आजारी माणूस यांना चाळीच्या 'संस्कृती'ची स्तुतिस्तोत्रे ऐकवणे हा निर्दयपणा आहे. त्याहून गंभीर गोष्ट जिवाची. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजार परिसरातील हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे दगावली. २०१९ च्या जुलैत डोंगरीत आणि २०२० च्या जुलैत फोर्टमध्ये तशाच दुर्घटना घडल्या. जी इमारत खरोखरच आज-उद्या पडणार आहे ती तत्काळ रिकामी झालीच पाहिजे. वास्तूचे मोल माणसाच्या प्राणापेक्षा अधिक, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु येथेच थांबून चालणार नाही. इमारत कोसळते त्या रात्री आपण हळहळतो; ती कोसळण्याच्या आधीची चाळीस वर्षे काय चालले होते हे मात्र आपण विचारीत नाही. ते आता पाहू.

मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे १९४० च्या पातळीवर गोठवले. युद्धकाळात आणि फाळणीनंतर घरांची तीव्र टंचाई असताना गरिबाला रस्त्यावर येऊ न देण्यासाठी तो कायदा आवश्यकच होता. पण तात्पुरता उपाय कायमचा झाला. सिमेंट, लाकूड, गवंड्याची मजुरी यांचे भाव शेकडो पटींनी वाढले, भाडे मात्र तेथेच राहिले. मालकाने दुरुस्तीतून अंग काढून घेतले. १९६९ साली सरकारने यावर उपाय म्हणून दुरुस्ती मंडळ स्थापन केले आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवला. अशा उपकरप्राप्त इमारतींची मूळ संख्या १९,६४२ होती. मंडळाने पुष्कळ इमारतींना टेकू दिले, काहींची खरोखरच चांगली दुरुस्ती केली, हे नाकारता येणार नाही. तथापि मंडळाच्या दुरुस्तीला चौरस मीटरमागे खर्चाची कमाल मर्यादा घातलेली आहे. खर्च त्या मर्यादेपलीकडे गेला की इमारत दुरुस्त करण्याजोगी नाही, असे ठरवता येते. वाचकांनी या तरतुदीचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. इमारत 'दुरुस्तीपलीकडे' गेली असे आपण ऐकतो तेव्हा आपल्याला वाटते की तिच्या तुळया कुजल्या, भिंती खचल्या, आता उपाय उरला नाही. पुष्कळदा त्याचा खरा अर्थ इतकाच असतो की सरकारने ठरवलेल्या रकमेत ती दुरुस्त होत नाही. हा इमारतीच्या प्रकृतीचा निदानलेख नव्हे, अंदाजपत्रकाचा आकडा आहे.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गोठलेले भाडे अन्यायकारक झाल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या कायद्याने भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ मान्य केली. पण ज्या भाड्यात पन्नास वर्षांपूर्वीच एक पायरी चुना येत नव्हता, त्याचे चार टक्के ते किती? आणि तोवर दुसरीकडे एक मोठे प्रलोभन उभे राहिले होते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या कलमान्वये जुनी उपकरप्राप्त इमारत पाडून रहिवाशांना त्याच जागी घरे देणाऱ्या विकासकाला वाढीव चटई क्षेत्र मिळू लागले. ते विकून नफा कमावण्याची मुभा मिळाली. म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याच्या पदरी खर्च आणि पाडणाऱ्याच्या पदरी जादा मजले. अशा व्यवस्थेत कोणता व्यवहारी माणूस छपराची कौले बदलील? गळती चालू द्यावी, जिना मोडू द्यावा, पावसाळ्यात पालिकेची नोटीस येण्याची वाट पाहावी, हाच शहाणपणा ठरतो. इमारतीला मारण्यासाठी कोणी कट केला, असा आरोप मी करीत नाही. त्याची गरजच उरलेली नाही. दुरुस्ती न करणे हेच फायद्याचे व्हावे अशी घडी बसवली की पुढचे काम पाऊस करतो.

यावर एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. सारा दोष भाडेनियंत्रणाचा, भाडेकरू फुकट्यासारखे राहिले म्हणून इमारती मेल्या, असे तो सांगतो. हे अर्धसत्य आहे आणि ते तपासायला आमचा मराठवाडा उपयोगी पडतो. १९४७ चा मुंबई कायदा आमच्याकडे लागू नव्हता. आम्ही तेव्हा हैदराबाद संस्थानात होतो. पुढे १९५४ चा हैदराबाद राज्याचा घरभाडे कायदा येथे आला आणि १९९९ चा कायदा अमलात येईपर्यंत तोच चालू राहिला. शिवाय आमचे वाडे बहुतांशी राहत्या मालकांचेच होते. तेथे भाडेकरूचा प्रश्नच फारसा नव्हता. तरी ते का पडले? भावाभावांत वाटण्या झाल्या आणि सामाईक छपराची डागडुजी करायची कोणी, यावर एकमत होईना. मुले नोकरीनिमित्त शहरात गेली. रस्त्याकडील बाजूला दुकानाचे गाळे काढले तर चार पैसे मिळतील, हे दिसू लागले. सागवानी खांब, कोरीव चौकटी, तुळया यांना उभ्या वाड्यापेक्षा पाडलेल्या वाड्यात अधिक किंमत येऊ लागली. भाडे गोठलेले नसतानाही वाडे गेले. दोन्हीकडे समान असलेली गोष्ट एकच: दुरुस्तीची जबाबदारी कोणा एकाची राहिली नाही आणि पाडण्यातला लाभ मात्र स्पष्ट दिसू लागला.

आता तज्ज्ञांच्या अहवालाविषयी. धोकादायक ठरवणारा अहवाल आला की सामान्य माणूस गप्प बसतो. अभियंत्याशी वाद कोण घालणार? मुंबईच्या काळा घोडा परिसरातील एस्प्लनेड मॅन्शनचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १८६७ ते १८६९ च्या दरम्यान ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभारलेली ही वास्तू मूळची वॉटसन्स हॉटेल. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चित्रपटांचा भारतातील पहिला खेळ येथेच झाला. पुढे तिच्या खोल्या भाड्याने गेल्या, वर्षानुवर्षे डागडुजी झाली नाही, २००५ साली तिचा काही भाग कोसळला. २०१९ साली आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडावी असा सल्ला दिला. वास्तुसंवर्धनाच्या जाणकारांनी त्याला हरकत घेतली आणि दुसऱ्या तज्ज्ञांनी ती दुरुस्त होऊ शकते असे मत दिले. यातील कोण बरोबर हे ठरवण्याचा माझा अधिकार नाही. मला दिसते ते एवढेच की, एकाच इमारतीविषयी दोन प्रामाणिक तज्ज्ञ दोन उलट मते देऊ शकतात. डॉक्टरने अवयव कापायला सांगितला तर आपण दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. शेकडो माणसांचे घर कापायचे असताना दुसरे मत मागणे हा उद्धटपणा कसा होईल?

काही वस्त्यांनी असा उद्धटपणा केला, म्हणून त्या आज उभ्या आहेत. गिरगावातील खोताची वाडी आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. दादोबा वामन खोत यांच्या नावाची ही वाडी. तेथील लाकडी सज्जांची, बाहेरच्या जिन्यांची घरे प्रामुख्याने ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची. मराठी बोलणारा, मराठीत गाणारा आणि मराठी पाठारे प्रभू शेजाऱ्याच्या गणपतीला जाणारा हा समाज. एकेकाळी तेथे पासष्टच्या आसपास घरे होती असे सांगतात. आज तीसही उरलेली नाहीत. जी उरली ती तेथील रहिवाशांच्या चिवटपणामुळे. त्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले, पालिकेत खेटे घातले, वाडीचा उत्सव भरवून शहराला आपल्या अंगणात आणले. माझगावच्या माथारपाखाडीत आणि वांद्र्याच्या रानवारमध्येही असेच प्रयत्न झाले. गिरगाव-काळबादेवीतील चाळींच्या रहिवाशांनी २०१५ साली भुयारी मेट्रोच्या वेळी 'आम्हाला दूर कोठे तरी पाठवू नका, याच परिसरात घर द्या' असा आग्रह धरला आणि तो मान्य करून घेतला. तेथे इमारती वाचल्या नाहीत, पण शेजार वाचवण्याची धडपड तरी झाली.

सर्वांत यशस्वी उदाहरण ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्ह येथील निवासी इमारतींचे. तेथील रहिवासी संघटनांनी वास्तुतज्ज्ञांना बरोबर घेऊन वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको शैलीच्या त्या ९४ वास्तूंच्या समूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण तिच्यातून एक कडवा प्रश्नही निघतो. त्यातील कित्येक इमारतींतही जुन्या भाड्याचे भाडेकरूच राहतात. कायदा तोच, पाऊस तोच, समुद्राचा खारा वारा तर गिरगावाहून अधिक. मग त्या उभ्या आणि परळ-लालबागच्या चाळी टेकूंवर, असे का? कारण तेथील रहिवाशांच्या हाती पैसा होता, ओळखी होत्या, इंग्रजीत अर्ज लिहिण्याची सवय होती. दुरुस्तीसाठी ते वर्गणी काढू शकले. याचा अर्थ असा की आपल्या राज्यात वारसा श्रीमंताचा वाचतो आणि गरिबाचा 'मोडकळीस' येतो. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१२ ते १९३४ असा मोठा काळ काढला. अशी चाळ इतिहास नसेल तर इतिहास कशाला म्हणायचे?

बृहन्मुंबईची वारसा नियमावली १९९५ साली आली. देशातील ती पहिली. तिच्याविषयी आदर बाळगूनही मी म्हणेन की नुसती यादी छप्पर शाकारीत नाही. यादीत नाव घालायचे, बदलाला मनाई करायची आणि दुरुस्तीला दमडी द्यायची नाही, याला संवर्धन म्हणत नाहीत. अशाने घरमालकाच्या मनात वारसा या शब्दाविषयी द्वेष मात्र निर्माण होतो. तो गुपचूप पहिल्या वळवाची वाट पाहू लागतो.

आपल्या समाजाशी थेट संबंध असलेली आणखी एक संस्था म्हणजे गोमंतकीयांचे 'कूड'. गोव्यातील एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी जागा घेतली. नावाड्यांनी, आचाऱ्यांनी, वादकांनी, नोकरी शोधणाऱ्या तरुणांनी तेथे नाममात्र वर्गणीत राहावे, संध्याकाळी गावच्या संताच्या तसबिरीपुढे एकत्र रोझरी म्हणावी, आणि पाय रोवले की दुसऱ्याला जागा करून द्यावी, असा तो रिवाज. धोबीतलावच्या जेर महाल या जुन्या इमारतीत असे अनेक कूड वर्षानुवर्षे चालत आले आहेत. अशी इमारत पाडली तर प्रत्येक भाडेकरूला चौरस फूट मोजून मोबदला देता येईल. पण कूड कोणाच्या नावावर? आज तेथे नसलेला, उद्या गावाहून येणारा जो मुलगा आहे, त्याचे किती चौरस फूट? पुनर्विकासाच्या कागदावर त्याला रकानाच नसतो. इमारत पाडल्याने नेमके काय नष्ट होते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

दुरुस्तीचा मार्ग कवीकल्पनेचा आहे, प्रत्यक्षात तो जमत नाही, असे सांगणाऱ्यांना मी दोन ठिकाणी घेऊन जाईन. पहिले दूरचे. बर्लिनच्या क्रॉयझबर्ग भागात एकोणिसाव्या शतकातल्या कामगारांच्या इमारती होत्या. अंधारी चौक, जिन्यावरचे सामाईक संडास, एकेका खोलीत अख्खे कुटुंब. जर्मन भाषेत त्यांना 'भाड्याच्या बराकी' म्हणत. आपली चाळच ती. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम बर्लिनच्या नगरपालकांनी त्या पाडून रुंद रस्ते व नव्या वसाहती उभारण्याचे ठरवले. मालकांनी दुरुस्ती थांबवली, घरे ओस पडू दिली. १९७९ पासून तरुण मंडळी त्या ओस घरांत शिरली आणि पालकांच्या दृष्टीने बेकायदा असलेले एक काम त्यांनी केले: ती स्वतःच्या हातांनी दुरुस्त करायला घेतली. वास्तुविशारद हार्ट-वाल्टहेर हेमर यांच्या पुढाकाराने याच विचारातून बारा तत्त्वे तयार झाली आणि १९८३ साली शहराच्या लोकप्रतिनिधींनी त्यांची दखल घेतली. रहिवाशांशी बोलून बेत आखावा, ते आहेत तेथेच राहावेत, सुधारणा टप्प्याटप्प्याने व्हावी, पाडकाम कमीत कमी असावे, असा त्यांचा गाभा. संडास घरात आले, भिंती सुधारल्या, आणि माणसे तेथेच राहिली.

दुसरे ठिकाण आमच्या घरचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसांचा बळी घेतला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदावरचा मातीचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. त्या दिवशी 'दगडी घर म्हणजे मृत्यू' अशी धास्ती साऱ्या मराठवाड्याने घेतली, आणि ती समजण्यासारखी होती. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. परंतु जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या त्याच पुनर्वसन कार्यक्रमाचा दुसरा भाग आपण विसरलो. तडे गेलेली दीड लाखांहून अधिक घरे पाडली गेली नाहीत; ती दुरुस्त करून मजबूत करण्यात आली. भिंतीचे दोन्ही थर सांधणारे आरपार दगड, दारे-खिडक्यांच्या वर चारी बाजूंनी फिरणारा पट्टा, छपरावरचा मातीचा भार कमी करणे, अशी साधी कामे. पैसा आणि साहित्य सरकारचे, देखरेख अभियंत्याची, काम घरमालकाने गावच्या गवंड्याकडून करून घ्यायचे. माहिती पोहोचवायला गावोगावी महिला संवाद सहायक नेमल्या होत्या. महाराष्ट्राच्या सरकारने एवढ्या मोठ्या प्रमाणावर, एवढ्या मोठ्या आपत्तीनंतर, खेड्यापाड्यांत दुरुस्ती करून दाखवली आहे. जे सरकार औसा-उमरग्याकडच्या मातीच्या भिंतीला दुसरे आयुष्य देऊ शकले, त्याला गिरगावच्या सागवानी तुळईचे काहीच करता येत नाही, यावर मी विश्वास कसा ठेवू?

आता आपल्या स्वतःच्या घराकडे वळू. विकासक आणि सरकार यांना दोष देणे सोपे असते. परंतु अनेक इमारतींत पाडण्याची सर्वांत मोठी घाई रहिवाशांनाच झालेली दिसते. दुरुस्तीसाठी महिना दोनशे रुपये द्यायला आपण कुरकुरतो आणि मोठ्या घराच्या आश्वासनावर दहा वर्षे संक्रमण शिबिरात जायला तयार होतो. त्या शिबिरांतून कित्येक कुटुंबे दशकानुदशके परतलेली नाहीत, हे माहीत असूनही आपण सही करतो. मोठे घर हवेसे वाटण्यात पाप नाही. इज्रेलच्या नाबोथालाही अहाब राजाने त्याच्या द्राक्षमळ्याऐवजी अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली होती. सौदा वाईट नव्हता. अन्याय तेथून सुरू झाला जेथून नाबोथाचा नकार ऐकून घेतला गेला नाही आणि खोटे साक्षीदार उभे करून त्याचा काटा काढण्यात आला. आजच्या रहिवाशालाही हो म्हणण्याचा अधिकार आहेच. पण खरी माहिती हाती असताना नाही म्हणण्याचा अधिकारही तितकाच शाबूत राहिला पाहिजे.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, कोणत्याही इमारतीचा तपासणी अहवाल प्रत्येक कुटुंबाला मराठीत मिळावा आणि त्याच्या शेजारीच दुरुस्तीचा अंदाजखर्च छापलेला असावा. दोन, पाडण्याचा सल्ला आला तर मालक वा विकासक यांच्याशी संबंध नसलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे दुसरे मत सरकारी खर्चाने घेतले जावे. तीन, पाडणाऱ्याला जसे वाढीव चटई क्षेत्र मिळते तसे दुरुस्ती करणाऱ्यालाही काही मिळावे. दुरुस्तीवरची खर्चमर्यादा खऱ्या बाजारभावाशी जोडावी. चार, नव्या इमारतीत दरमहा देखभालीचा खर्च किती येईल, हे सही घेण्यापूर्वी लेखी सांगावे. पेन्शनवर जगणाऱ्या विधवेला उद्वाहनाचा आणि पंपाचा खर्च झेपला नाही तर मोफत मिळालेले घर तिला विकावेच लागते, आणि मग शेजारही जातो आणि घरही. पाच, खरोखर धोकादायक इमारतीतील माणसांना त्याच प्रभागात तात्पुरती जागा मिळावी, म्हणजे जीव वाचवण्याच्या नावाखाली कोणाला हुसकावले जाणार नाही.

सहावी मागणी आपल्याकडेच आहे. सहकारी गृहसंस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीसाठी आणि पाव टक्का सिंकिंग फंडासाठी जमा करावयाचा असतो. आपल्यापैकी किती संस्था तो प्रामाणिकपणे जमवतात? गावदेवीची सारस्वत सहकारी गृहसंस्था १९१५ सालची आणि साष्टी कॅथलिक सहकारी गृहसंस्था १९१८ सालची. शंभर वर्षांपूर्वीच्या मध्यमवर्गीयांनी, त्यांत आपल्याच पूर्वजांनी, पै पै जमवून सहकाराने घरे उभी केली. त्यांच्या नातवंडांना सहकाराने ती घरे दुरुस्त करता येऊ नयेत, ही नामुष्की आहे. आज ज्या मनोऱ्यांच्या किल्ल्या वाटल्या जात आहेत त्यांचेही तीस वर्षांनी हेच होणार. कारण पाडून बांधता येते, पण दुरुस्तीची सवय पाडून बांधता येत नाही.

सेलू तालुक्यातील वालूरच्या ग्रामस्थांनी गाळाने आणि कचऱ्याने बुजलेली आपली गोलाकार पायऱ्यांची बारव श्रमदानाने मोकळी केली. कोणा विकासकाने त्यांना चटई क्षेत्र देऊ केले नव्हते. फावडी, घमेली आणि सुटीचे दिवस एवढेच त्यांचे भांडवल. विहीर आणि राहती इमारत यांत फरक आहे, हे मला कळते. तुळई बदलायला घमेले पुरत नाही. तरी आरंभ तेथूनच होतो. येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक धर्मग्रामातील कुटुंबांनी आपल्या वाड्याचे, चाळीचे किंवा सोसायटीचे छप्पर, गच्ची, पन्हळी आणि जिना एकदा एकत्र फिरून पाहावा, काय मोडले आहे ते वहीत लिहावे आणि त्याखाली अंदाजे खर्च मांडावा. पुढे केव्हा तरी कोणी पाडण्याचा कागद घेऊन दारात उभा राहिला तर ती वही त्याच्यापुढे ठेवता येईल.